पहिली लाभार्थी

आमच्या घरात ‘लाभार्थी’ या शब्दाला बंदी होती. तोंडातून शिवी गेली तर आई रागवायची, लाभार्थी म्हटलं तर बाबा. रेशनच्या दुकानात, ग्रामपंचायतीत, कुणाच्या लग्नाच्या मांडवात, कुठेही तो शब्द कानावर पडला की बाबा बोलणाऱ्याला थांबवून दुरुस्ती करत. "नागरिक म्हणा. लाभ कसला? पैसा त्याचा, सरकार त्याचं, आणि देणारा कोण तर साहेब?" रेशन दुकानदार मान डोलवायचा आणि रांगेतल्या पुढच्या बाईला विचारायचा, "तुम्ही कुठल्या योजनेच्या लाभार्थी?"

बाबा एका लहानशा समाजवादी पक्षाचे तालुक्यातले जुने कार्यकर्ते. एसटीत वाहक होते, आता निवृत्त आहेत. पक्षात सगळे एकमेकांना साथी म्हणतात. सगळे म्हणजे आता आमच्या पडवीत मावतील एवढेच. आमचं गाव श्रीवर्धनला जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्रापासून थोडं आत आहे. एके काळी या पक्षाच्या सभेला बायका पोरं कडेवर घेऊन चालत यायच्या, असं बाबा सांगतात. मी ते पाहिलेलं नाही. मी पाहिला तो पक्ष टाळे ठोको आंदोलनांचा.

टाळे ठोकोची एक ठरलेली पद्धत होती. बाजारातून नवं कोरं कुलूप आणायचं, मोर्चाने जायचं, आणि ज्या सरकारी कार्यालयात काम होत नसेल त्याच्या दाराला ते लावायचं. मग दाराशी बसून घोषणा. थोड्या वेळाने हवालदार यायचा. बाबा चावी त्याच्या हातात द्यायचे, तो कुलूप काढून बाबांना परत करायचा, आणि दोघं एकाच टपरीवर चहा प्यायचे. ते कुलूप घरी यायचं. आमच्या गोठ्याला, पंपाच्या खोलीला, आईच्या कपाटाला जी जी कुलपं आहेत ती सगळी आधी कुठल्या ना कुठल्या सरकारी दारावर लागून आलेली आहेत. मी हे हसण्यासाठी लिहीत नाही. आमच्या आरोग्य केंद्रात मुक्कामी डॉक्टर आला तो अशाच एका कुलपामुळे. त्या डॉक्टरने माझा टायफॉइड वेळेत ओळखला, असं आई म्हणते.

मी इंग्रजी माध्यमात शिकले, आणि हे घरातलं सर्वांत जुनं भांडण आहे. जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येअभावी बंद होणार म्हणून बाबांनी मोर्चा काढला, त्याच जूनमध्ये आईने माझं नाव तालुक्याच्या गावच्या इंग्रजी शाळेत घातलं. पिवळी व्हॅन घरासमोर थांबायची तेव्हा बाबा मागच्या दाराने बाहेर पडायचे. साथी लोक चिडवायचे, "साथी, शाळा वाचवायची कुणासाठी ते तरी सांग." त्यावर आई चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली होती, "तुमची नातवंडं घाला तिथं. मंग माझी पोरगी व्हॅनमधनं उतरवते." सगळ्यांची नातवंडं त्याच व्हॅनमध्ये होती.

त्यामुळे मी मराठी वाचायला शिकले ती बाबांच्या पत्रकांवरून. शोषण, विषमता, सार्वजनिक क्षेत्र, हे शब्द मला भूक आणि ताप यांच्याइतकेच लवकर येत होते. फक्त ते कुणासमोर मोठ्याने म्हणायची वेळ आली नाही. मी फारशी बोलत नाही. शाळेत मराठी बोलल्यावर दंड होता आणि घरात इंग्रजी बोललं की बाबांचा चेहरा पडायचा. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं.

त्या इंग्रजीवर मी आता पोट भरते. किनाऱ्यालगत मुंबईकरांनी जे बंगले बांधलेत, त्यातले बरेचसे शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने जातात. त्यांचं बुकिंग मी घरी बसून सांभाळते. फोनवर कुणाशी बोलावं लागत नाही, सगळं टाइप करायचं असतं, म्हणून हे काम मला आवडतं. पाहुणे दोन गोष्टी हमखास विचारतात: समुद्र किती लांब, आणि पोहायचा पूल खासगी आहे ना. पूल भरायला टँकर लागतात. टँकर सांगणं हेही माझंच काम. मार्चनंतर आमच्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, पण पुलाचं पाणी कधी उशिरा आलेलं मला आठवत नाही. "ही वाढ हाय," बाबा म्हणायचे. "वाढ व्हत न्हाय असं कोन म्हनतं? पन ती कुणाच्या अंगाला लागते ते बघायला नको?" मी लॅपटॉपवरून मान वर करत नसे.

आईची मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत हे कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, औषधं चालतील. मग डायलिसिस सुरू झालं. आमच्या तालुक्यात ते नव्हतं. पनवेलच्या एका हॉस्पिटलात सरकारी योजनेतून होत होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. अंधारात निघून पहिली एसटी धरायची, माणगावला गाडी बदलायची, महामार्गाचं काम चालू असेल तिथे धूळ खात थांबायचं. चार तास मशीनवर, आणि परत तेवढाच प्रवास. येताना आई खिडकीला डोकं टेकून बसायची. उलटी आली तर पिशवी माझ्याकडे असायची. मंगळवारी आणि शुक्रवारी मी लॅपटॉप सोबत न्यायचे आणि हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लोकांना पुलाचे फोटो पाठवायचे.

बाबा क्वचित यायचे. त्यांना बैठका असायच्या. आई त्यांना त्यावरून टोचायची, तेही त्यांच्याच शब्दात. "अवो साथी," ती पायात चप्पल घालता घालता म्हणायची, "जगाला साथ देऊन झाली की येक दिस पनवेलला येवा. बायकोच्या साथीला."

बाबा म्हणायचे, "हितं सेंटर होतंय. त्याच्याच मागं हाय मी."

ते खोटं नव्हतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डायलिसिस हवं म्हणून बाबांनी निवेदनं दिली, उपोषणाला बसले, अधिकाऱ्यांच्या गाड्या अडवल्या. शेवटी एका मोठ्या कंपनीने सामाजिक निधीतून मशीन दिली, सरकारने खोली बांधली. बाबांना कंपनीचं पटलं नव्हतं. "रोग्याला मशीन देनं सरकारचं काम. कंपनीनं कर भरावा, दान करू नये." पण मशीन आली त्या दिवशी ते मला घेऊन बघायला गेले. दाराला कुलूप होतं. काचेतून आत पाहिलं तर फिकट निळ्या खुर्च्या, प्लास्टिक गुंडाळलेल्या, आणि मशीनच्या पडद्यांवर चिकटवलेले कागद. बाबा काचेला हात लावून उभे होते. मला वाटलं, आता पावसाळ्याच्या आत आई इथे येईल.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. कुलूप तसंच होतं. कारण साधं होतं. लोकार्पण व्हायचं होतं, आणि ते कुणाच्या हस्ते करायचं हे ठरत नव्हतं. आमदार म्हणत होते, पाठपुरावा माझा. पालकमंत्री म्हणत होते, निधी माझ्या सहीने. दोघं एकाच सरकारात, पण वेगळ्या पक्षांचे, आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते. कोनशिला दोनदा करून घेतली होती म्हणे. एकदा नावं वर-खाली झाली म्हणून, एकदा एकाचं नाव बारीक आलं म्हणून.

लोकार्पण हा शब्द मी पहिल्यांदा नीट वाचला तो तेव्हा. अर्पण देवाला करतात. लोकांच्या पैशाने लोकांच्या जागेत बांधलेली खोली लोकांना अर्पण करायची, आणि तोपर्यंत लोकांपासून कुलूप लावून ठेवायची. इंग्रजी शब्दात हा विनोद दिसत नाही. मराठीत तो उघडा पडतो. बाबांना हे सांगावंसं वाटलं होतं. एरवी त्यांनी ते वाक्य दहा सभांत वापरलं असतं.

पण एव्हाना बाबांच्या पक्षाने नगरपंचायतीच्या निवडणुकीसाठी आमदारांशी युती केली होती. हेच ते आमदार, ज्यांच्या बंगल्यासमोर बाबांनी उपोषण केलं होतं. युतीची घोषणा झाली त्या दिवशी आईने विचारलं, "मंग आता साहेब काय झाले? साथी?"

"नगरपंचायतीपुरती युती हाय," बाबा म्हणाले. "डावपेच असतो. मोठ्या शत्रूला रोखायला छोट्याबरोबर जावं लागतं."

"छोटा कोन त्यातला?"

बाबांनी पेपर उघडला.

थंडी संपत आली तेव्हा आईने जाणं चुकवायला सुरुवात केली. आधी म्हणाली, एसटी चुकली. मग म्हणाली, पाय दुखतात. एका शुक्रवारी मी उठून तयार झाले, तर ती चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होती.

"उशीर होतोय," मी म्हटलं.

"मी न्हाय जायाची."

"का?"

"दमले." ती खडा बाजूला काढून म्हणाली. "तिथं जाऊन रगत धुवायचं आन येताना धुळीत परत घान करून आनायचं. दोन दिस झोपून काढायचे, तिसऱ्या दिशी परत तेच. त्यापेक्षा व्हईल ते व्हऊंदे."

पनवेलच्या डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं. पाणी अंगात साठेल, फुप्फुसात जाईल. एखादी वेळ चुकली तर निभावेल, सलग चुकली तर नाही. मी हे आईला मराठीत सांगायचा प्रयत्न केला. माझं मराठी अशा वेळी पत्रकासारखं होतं. ती ऐकून म्हणाली, "तुझ्या बापासारखं बोलतेस. सगळं खरं आन कायबी उपयोगाचं न्हाय." शेवटी मी शेजारची रिक्षा बोलावली आणि अक्षरशः हाताला धरून तिला बसवलं. पण मला कळलं होतं. मशीन जवळ आली नाही तर आई जाणंच थांबवणार होती.

त्या रविवारी पडवीत बैठक होती. मी चहा घेऊन गेले आणि परत आत आले नाही. मी बैठकीत उभी राहिलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. बाबांनी विचारलं, "काय गं?"

"डायलिसिसच्या खोलीचं कुलूप काढा," मी म्हटलं. "एवढी कुलपं लावलीत. हे एक तोडा."

एक म्हातारे साथी हसले. "साथी, पोरगी तुझ्यावर गेली रे. मोर्चा काढायला लागली."

बाबा हसले नाहीत. ते माझ्याशी घरच्या बोलीत बोलतात, पण तेव्हा सभेच्या भाषेत बोलले. "ठोकायला परवानगी लागत नाही. उघडायला लागते."

"तुम्ही कधी परवानगीचा विचार केलात?"

"कुलूप तोडलं तर मशीन चालेल का? तंत्रज्ञ नेमलेला नाही. शुद्ध पाण्याचा प्लँट जोडलेला नाही, नळाचं पाणी पुरत नाही. आणि युतीचा धर्म असतो. आपणच साहेबांना अडचणीत आणलं तर उद्या सेंटर पुढच्या तालुक्यात जाईल. थोडं थांब. तारीख ठरतेय."

सगळं बरोबर होतं. तंत्रज्ञाशिवाय, पाण्याशिवाय ती खोली म्हणजे निळ्या खुर्च्यांचं दुकान होतं, हे मलाही कळत होतं. पण आरोग्य केंद्राला कुलूप लावलं होतं तेव्हा बाबांनी असा हिशेब मांडला नव्हता. तेव्हा ते म्हणाले होते, डॉक्टर कुठून आणायचा ते सरकार बघेल. मी कप गोळा केले. म्हातारे साथी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बिस्किटं न्हायीत का गो?"

तारीख ठरली. दोन्ही नेते एका व्यासपीठावर येणार होते, मुंबईतून कुणीतरी वरच्याने दोघांना फोन केला होता म्हणे. शुक्रवारचा दिवस. बाबा घरी आले ते बाजारातून मासळी घेऊन, जे ते कधी करत नाहीत. आईसमोर पिशवी ठेवून म्हणाले, "शुक्रवारी तुझं हितंच व्हनार. पयली तूच. मी साहेबांना सांगितलंय."

"खरंच व्हनार? का नुसता नारळ?"

"तंत्रज्ञ येनार हाय त्या दिशी. माझ्यासमोर फोन झाला."

आईने पिशवीत डोकावून पाहिलं. "मंग मंगळवारी पनवेलला जात न्हाय मी," ती म्हणाली. "शुक्रवारीच करून घेते. येवढ्यानं काय व्हतंय."

मी म्हटलं, जाऊया. बाबा म्हणाले, "दमलीय ती. तीन दिवसांचा तर प्रश्न हाय." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी तारखेवर विश्वास ठेवला होता, तोही इतक्या मनापासून की मला विरोध करता येईना. गुरुवारी आईचा चेहरा सुजला होता. रात्रभर ती उशीला टेकून बसून होती.

आणखी एक गोष्ट बाबांनी परस्पर ठरवली होती. कंपनीचे पाहुणे अमराठी होते, तेव्हा सूत्रसंचालनात थोडं इंग्रजी हवं होतं. "आमच्या पोरीचं इंग्रजी फर्स्ट क्लास हाय," असं ते आमदारांच्या माणसाला सांगून आले. ज्या इंग्रजीकडे पाठ करून ते मागच्या दाराने जायचे, ते आता कामाला आलं होतं. मी नाही म्हणणार होते. पण आई त्या खुर्चीत असणार होती, आणि मला तिच्याजवळ राहायचं होतं.

मला छापील मजकूर दिला होता. मराठी बाजूला लिहिलं होतं: ‘या केंद्राच्या पहिल्या लाभार्थी म्हणून साहेबांच्या शुभहस्ते सौ. (इथे आईचं नाव) यांचा सत्कार.’ मी तो कागद बाबांना दाखवला आणि शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वाच तसंच," ते म्हणाले. "आज नको."

मांडव रुग्णालयाच्या आवारात घातला होता. बाह्यरुग्ण तपासणी त्या दिवशी बंद होती. बाळाला घेऊन आलेल्या दोन बायका फाटकाशी उभ्या होत्या, त्यांना कार्यक्रमाला थांबा, जेवण आहे, असं सांगण्यात आलं. व्यासपीठावर इतक्या खुर्च्या होत्या की मागची ओळ मांडवाच्या कापडात घुसली होती. बाबांना दुसऱ्या ओळीत बसवलं. शाल मिळाली. मी नावं वाचत गेले. एक नाव राहिलं म्हणून कुणीतरी मागून येऊन कागदावर लिहून गेलं. भाषणात आमदार म्हणाले, आम्ही विकास करताना पक्ष बघत नाही. मंत्री म्हणाले, हा जिल्हा आता गरीब राहिलेला नाही, मुंबईतली मोठमोठी माणसं इथे घरं बांधतायत. मग मी तो शब्द वाचला. ध्वनिक्षेपकावर माझा आवाज मलाच लहान मुलीचा वाटला.

आईला आधी धरून आत नेलं होतं. खुर्चीवरचं प्लास्टिक काढलं होतं, मशीनला वीज जोडली होती, पडद्यावर हिरवे आकडे दिसत होते. तिने हातावरचा पदर मागे घेऊन सुया टोचतात तो हात बाहेर काढून ठेवला होता. दोघा नेत्यांनी तिच्या दोन बाजूंना उभं राहून फोटो काढला. कंपनीच्या पाहुण्याने तिच्या पायांवर ब्लँकेट पसरलं, त्याचाही फोटो झाला. आईने हात जोडले, कारण फोटोवाल्याने सांगितलं, "आजी, नमस्कार करा." ती आजी नाही. तिचे केस मशीनवर जायला लागल्यापासून पांढरे झाले आहेत.

मग सगळे जेवायला गेले. पांढऱ्या कोटातला एक मुलगा मशीनची वायर गुंडाळायला लागला. मी विचारलं, "सुरू कधी करणार?"

तो गोंधळला. "मी कंपनीकडून डेमोला आलोय, मॅडम. टेक्निशियन अजून जॉइन व्हायचाय. आणि पाण्याचं कनेक्शन कुठंय? पाण्याशिवाय कसं चालवणार?"

आईने ते ऐकलं. बाहेर काढून ठेवलेला हात हळूच पदराखाली घेतला आणि म्हणाली, "मला उठीव. श्वास लागतोय."

मी बाहेर आले तेव्हा बाबा जेवणाच्या रांगेत होते, खांद्यावर शाल. मी त्यांना सांगितलं. ते ताट घेऊन तसेच उभे राहिले. मला वाटलं, ते व्यासपीठावर चढतील. माईक अजून चालू होता, दोन्ही नेते पंगतीत होते, पत्रकार होते. आयुष्यभर ज्या क्षणासाठी त्यांनी घसा तयार केला तो हाच होता. बाबांनी आमदारांच्या माणसाला गाठलं आणि त्याच्या कानात म्हणाले, "जरा साहेबांना सांगता का, गाडीची सोय व्हईल काय?"

गाडीची सोय झाली. रुग्णालयाच्या गाडीला चालक नव्हता, म्हणून आमदारांची रुग्णवाहिका मिळाली. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांचा हात जोडलेला फोटो आहे. पनवेलपर्यंत आई बसूनच होती, आडवं झालं की तिचा जीव घुसमटायचा. बाबा पुढे चालकाशेजारी बसले होते. महामार्गावर गाडी अडकली तेव्हा त्यांनी शाल काढली, घडी केली आणि मांडीवर धरली. माणगाव मागे पडल्यावर आई धापा टाकत म्हणाली, "आज आलात बघा पनवेलला." बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचे खांदे हलत होते.

आई वाचली. बरेच दिवस अतिदक्षता विभागात होती.

केंद्र पुढे सुरू झालं, निवडणूक झाल्यावर, कुठलाही कार्यक्रम न करता. तंत्रज्ञ रुजू झाला. नळाच्या पाण्याचा प्रश्न सुटला नाही, तेव्हा टँकरने पाणी द्यायचं ठरलं. टँकरवाला तोच, जो मी सांगितलेले पूल भरतो. सुट्ट्यांच्या दिवसांत त्याची ओढाताण होते. मग तो मला फोन करून विचारतो, आधी कुठे टाकू. मी सांगते, रुग्णालयात. तो "बघतो" म्हणतो. पाणी उशिरा आलं की आईची पाळी उशिरा लागते.

बाबांनी पक्ष सोडला नाही. मी त्यांना त्या शुक्रवाराबद्दल विचारलं नाही, तेही बोलले नाहीत. पण आता मंगळवारी आणि शुक्रवारी ते येतात. केंद्राच्या भिंतीवर त्या दिवशीचा मोठा फोटो लावला आहे, दोन नेते आणि मध्ये नमस्कार करणारी माझी आई. नवीन रुग्ण तिला ओळखतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या खुर्चीत दिघीकडची एक कोळीण होती, तिची ती पहिलीच खेप. फोटोकडे बघून ती आईला म्हणाली, "साहेबांनी देवासारखी सोय केली गो बाय. न्हायतर आमाला कोन इचारतो?"

बाबा दाराशी उभे होते. त्यांना राहवलं नाही. "बाई, कुणा साहेबानं केलेली न्हाय ही," ते आत येत म्हणाले. "तुमच्या घामाचा पैसा हाय. हा तुमचा हक्क हाय. सरकारनं हे दहा वर्सं आधी..."

त्यांचा आवाज चढला होता, जुना सभेतला आवाज. तंत्रज्ञाने मान वर केली. तो कंत्राटी आहे, तो दाराकडे बघायला लागला, कुणी ऐकतंय का. कोळीण घाबरून माझ्याकडे बघत होती.

"अवो," आई म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते. "बायेर जावा."

"अगं, पन मी खरं तेच..."

"खरं हाय. म्हनूनच बायेर जावा. हितं मशीन चालू हाय."

बाबा बाहेर गेले. मी त्यांना थांबवू शकले असते. ते बोलले त्यातलं प्रत्येक वाक्य मला पटतं, लहानपणापासून पटतं, त्याच्याविरुद्ध एकही वाक्य माझ्याकडे नाही. तरी ते बाहेर गेले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

"गेले?" आईने विचारलं.

"हो."

"दार लोटून घे," ती म्हणाली. "एसी जातोय."